नेथन हेल : एका फसलेल्या हेराची कीर्ती

नेथन हेल हा अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धात जॉर्ज वॉशिंग्टनच्या फौजेत असलेला एकवीस वर्षांचा कॅप्टन. सप्टेंबर १७७६ मध्ये तो वेष पालटून ब्रिटिशांच्या ताब्यातल्या मुलखात बातमी काढायला गेला, आठवडाभरातच पकडला गेला आणि २२ सप्टेंबरला न्यूयॉर्कमध्ये फासावर गेला. त्याने जमवलेली एकही बातमी वॉशिंग्टनपर्यंत पोचली नाही. तरीही सीआयए या अमेरिकी गुप्तचर संस्थेच्या मुख्यालयाच्या आवारात त्याचा पुतळा उभा आहे आणि कनेक्टिकट राज्याने १९८५ मध्ये कायदा करून त्याला राज्याचा अधिकृत वीर ठरवले आहे. कामगिरी एवढी थोडी आणि कीर्ती एवढी मोठी, अशी माणसे लष्करी इतिहासात फारशी सापडत नाहीत. ही कीर्ती रणांगणावर मिळालेली नव्हे. त्याचे मित्र, भाऊबंद, त्याचे कॉलेज आणि त्याचे गाव यांनी ती पुढच्या दीडशे वर्षांत हळूहळू उभी केली.

हेलचा जन्म ६ जून १७५५ रोजी कनेक्टिकट वसाहतीतल्या कोव्हेंट्री गावी झाला. वडील रिचर्ड हेल हे सुखवस्तू शेतकरी आणि गावच्या चर्चचे डीकन. आई एलिझाबेथ स्ट्राँग. बारा भावंडांत नेथन सहावा. तो बारा वर्षांचा होत असताना, १७६७ मध्ये, आई वारली आणि दोन वर्षांनी वडिलांनी एका विधवेशी दुसरे लग्न केले. घर कडक धार्मिक वळणाचे होते. मुलाने धर्मोपदेशक व्हावे ही वडिलांची इच्छा, आणि त्या काळी धर्मोपदेशक होण्याचा रस्ता कॉलेजातून जाई. म्हणून १७६९ मध्ये, चौदाव्या वर्षी, थोरला भाऊ इनॉक याच्याबरोबर नेथनला न्यू हेवनच्या येल कॉलेजात घालण्यात आले.

येलमध्ये तो लिनोनिया नावाच्या विद्यार्थी मंडळात रमला. तिथे वादविवाद होत, नाटके बसवली जात, पुस्तके जमवली जात. त्याच्या वर्गातला बेंजामिन टॉलमॅज हा लाँग आयलंडवरचा मुलगा त्याचा जिवलग मित्र झाला. या टॉलमॅजचे नाव या हकिकतीत पुन्हा येईल, कारण हेरगिरीत हेलला जे जमले नाही ते पुढे त्याने करून दाखवले. १७७३ मध्ये दोघेही पदवीधर झाले. पदवीदान समारंभातल्या वादविवादात हेलने भाग घेतला. मुलींच्या शिक्षणाकडे मुलांच्या मानाने काही कारण नसताना अधिक दुर्लक्ष होते की नाही, हा त्या वादाचा विषय होता.

पदवीनंतर हेल शिक्षक झाला. आधी ईस्ट हॅडम या आडबाजूच्या गावात काही महिने, मग १७७४ पासून न्यू लंडन या बंदरगावातल्या युनियन स्कूलमध्ये. ही मुलांना लॅटिन आणि लेखन शिकवणारी शाळा होती. उन्हाळ्यात मुलांचे वर्ग भरण्याआधी, पहाटे पाच ते सात या वेळात, तो सुमारे वीस मुलींचा वेगळा वर्ग घेई, असे त्याच्या पत्रातून कळते. समारंभात मांडलेली बाजू त्याने शाळेत चालवून दाखवली, एवढे त्यावरून म्हणता येते. त्याच्या चरित्राचा हा भाग पुतळ्यांच्या सावलीत झाकला गेला आहे. खरे तर त्याच्या एकवीस वर्षांत पूर्ण झालेले, फळाला आलेले काम हेच.

एप्रिल १७७५ मध्ये लेक्सिंग्टन आणि काँकर्ड येथे ब्रिटिश शिपाई आणि वसाहतींतले स्वयंसैनिक यांची चकमक झाली आणि युद्ध सुरू झाले. वसाहतींतली माणसे दुभंगली. इंग्लंडच्या राजाविरुद्ध उठलेल्यांना पेट्रियट, म्हणजे देशभक्त, म्हणत आणि राजाशी इमान राखणाऱ्यांना लॉयलिस्ट. एकाच घरातले भाऊ दोन बाजूंना गेल्याची उदाहरणे सर्वत्र होती, आणि हेल कुटुंबही त्याला अपवाद नव्हते. जुलैमध्ये टॉलमॅजने हेलला पत्र लिहून फौजेत जाण्याचा आग्रह केला. हेलने शाळेचा राजीनामा दिला आणि कर्नल चार्ल्स वेब यांच्या कनेक्टिकट पलटणीत तो लेफ्टनंट म्हणून दाखल झाला.

बॉस्टनभोवतीच्या वेढ्यात त्याने ठेवलेली रोजनिशी उपलब्ध आहे. तीत शौर्याच्या गोष्टी नाहीत. बंदूक साफ केली, थोडा फुटबॉल खेळला, चेकर्सचा डाव टाकला, अशा नोंदी आहेत. नोव्हेंबरच्या अखेरची एक नोंद मात्र लक्षात राहते. सैनिकांच्या नोकरीची मुदत संपत आली होती आणि ते घरी निघण्याच्या बेतात होते. आणखी एक महिना थांबाल तर त्या महिन्याचा माझा पगार तुम्हाला देईन, असे हेलने आपल्या माणसांना सांगितले. मार्च १७७६ मध्ये ब्रिटिशांनी बॉस्टन सोडले आणि वॉशिंग्टनची फौज न्यूयॉर्ककडे वळली. हेल तोवर कॅप्टन झाला होता.

न्यूयॉर्कची लढाई अमेरिकनांच्या अंगाशी आली. जनरल विल्यम हाऊ तीस हजारांहून अधिक फौज आणि प्रचंड आरमार घेऊन उतरला होता. या फौजेत पुढे हिंदुस्थानात गव्हर्नर जनरल होऊन आलेला आणि मराठे व निजाम यांना बरोबर घेऊन टिपूला नमवणारा कॉर्नवॉलिसही होता. २७ ऑगस्टला लाँग आयलंडवर वॉशिंग्टनचा पराभव झाला. २९ तारखेच्या रात्री त्याने सुमारे नऊ हजार माणसे होड्यांतून ईस्ट रिव्हर पार करून मॅनहॅटनवर आणली, म्हणून फौज वाचली. पण मॅनहॅटन हे लांबट बेट. आरमार शत्रूचे असल्यावर तो कुठल्याही काठावर उतरू शकत होता. तो कुठे उतरणार, कधी उतरणार, याची काहीच खबर वॉशिंग्टनला नव्हती. पलीकडच्या लाँग आयलंडवर त्याचे पेरलेले हेर नव्हते. तिथली बरीचशी वस्तीही राजनिष्ठ होती.

याच दिवसांत लेफ्टनंट कर्नल थॉमस नोल्टन याच्या हाताखाली टेहळणीसाठी निवडक माणसांची एक तुकडी उभारली गेली. हेल तीत गेला होता. लाँग आयलंडवर जाऊन बातमी आणायला कोणी तयार आहे का, असे नोल्टनने आपल्या अधिकाऱ्यांना विचारले. आधी कोणी पुढे आले नाही. या कचरण्याचे कारण भीती एवढेच नव्हते. गणवेशातल्या अधिकाऱ्याला पकडले तर तो युद्धकैदी. त्याला मान मिळे आणि अदलाबदलीत तो सुटे. वेष पालटून आलेल्याला फाशी, आणि फाशी ही चोराची शिक्षा. हेरगिरी हे घरंदाज माणसाचे काम नव्हे अशी तेव्हाच्या युरोपी लष्करी जगाची ठाम समजूत होती. सेनापतींना हेर हवे असत, पण हेराशी पंगतीला बसायला कोणी तयार नसे. अमेरिकी काँग्रेसनेही २१ ऑगस्टला, हेलच्या फाशीच्या महिनाभर आधी, शत्रूच्या हेरांना देहदंड देण्याचा ठराव केला होता. हेलला ज्या नियमाने फासावर चढवले तो दोन्ही बाजूंना मान्य होता.

हेल तयार झाला. त्याचा येलमधला मित्र कॅप्टन विल्यम हल याने त्याला परावृत्त करण्याचा प्रयत्न केला. तू फार मोकळ्या मनाचा आहेस, सोंग तुला वठणार नाही, आणि हे काम बेअब्रूचे आहे, असे हलचे म्हणणे. वर्षभर पगार खातो आहे पण उपयोगाचे काही केलेले नाही, आणि लोककार्याला जे आवश्यक ते आवश्यक आहे म्हणूनच प्रतिष्ठेचे ठरते, असे उत्तर हेलने दिल्याचे हल सांगतो. हा संवाद हलच्या आठवणींतून आला आहे आणि त्या १८४८ मध्ये, हलच्या मृत्यूनंतर, छापल्या गेल्या. शब्द तेच असतील असे नाही. पण हलने मित्राचा स्वभाव नेमका ओळखला होता, हे पुढच्या घटनांनी दाखवले.

सार्जंट स्टीफन हेम्पस्टेड याला बरोबर घेऊन हेल किनाऱ्याने कनेक्टिकटमधल्या नॉरवॉकपर्यंत गेला. तिथे त्याने गणवेष उतरवून साधा तपकिरी पोशाख आणि रुंद काठाची टोपी घातली. बुटांची चांदीची बक्कले शिक्षकाला शोभणारी नाहीत म्हणून ती हेम्पस्टेडजवळ ठेवली. सोंग होते काम शोधत फिरणाऱ्या डच शाळामास्तराचे. येलचे पदवीपत्र मात्र त्याने बरोबर घेतले. मास्तर असल्याचा पुरावा म्हणून ते ठीक; पण त्यावर त्याचे खरे नाव होते. गुप्त शाई नाही, सांकेतिक लिपी नाही, पलीकडे उतरल्यावर ज्याच्या घरी जावे असा एकही माणूस नाही, परतीची ठरलेली वाट नाही. एका हुशार, शूर तरुणाला नुसत्या धाडसाच्या भरवशावर वाघाच्या गुहेत सोडण्याचा हा प्रकार होता, आणि त्याचा दोष हेलच्या आधी त्याला पाठवणाऱ्यांकडे जातो. कॅप्टन चार्ल्स पाँडच्या जहाजाने सामुद्रधुनी ओलांडून त्याला हंटिंग्टनजवळ उतरवले. त्या बंदराकाठच्या वस्तीला आज हेलसाइट म्हणतात.

तो लाँग आयलंडवर पोचत होता त्याच सुमारास मोहिमेचे प्रयोजनच संपले. १५ सप्टेंबरला हाऊची फौज मॅनहॅटनच्या पूर्व काठावर किप्स बे येथे उतरली आणि न्यूयॉर्क शहर ब्रिटिशांच्या हाती गेले. दुसऱ्या दिवशी हार्लेम हाइट्सच्या चकमकीत नोल्टन मारला गेला. ज्या प्रश्नाचे उत्तर आणायला हेल गेला होता तो प्रश्न उरला नाही आणि ज्याला ते द्यायचे तो अधिकारीही राहिला नाही. तरीही हेल मागे फिरला नाही. शत्रूच्या ठाण्यांची माहिती तो कागदावर टिपत राहिला. २१ सप्टेंबरच्या पहाटे न्यूयॉर्क शहराला आग लागली आणि सुमारे चौथा हिस्सा शहर जळाले. ही बंडखोरांची करणी अशी ब्रिटिशांची खात्री झाली आणि संशयितांची धरपकड सुरू झाली. हेलचा आगीशी संबंध नव्हता, पण तो पकडला गेला तो नेमका त्या रात्री.

त्याला मॅनहॅटनवर हाऊच्या मुक्कामी, बीकमन कुटुंबाच्या बंगल्यात, नेले. अंगावर कागद सापडले होते. आपण कोण आणि कशासाठी आलो हे त्याने कबूल केले. खटला चालला नाही. हाऊने फाशीचा हुकूम दिला. रात्र त्याने बंगल्याच्या आवारातल्या काचघरात काढली असे म्हणतात. दुसऱ्या दिवशी रविवार होता. सकाळी ११ वाजता तोफखान्याच्या तळासमोर त्याला फाशी देण्यात आली. ब्रिटिशांच्या हुकूमवहीत त्या दिवशीची नोंद एका वाक्याची आहे: शत्रूचा एक हेर, काल रात्री पकडलेला, पूर्ण कबुलीनंतर आज मारला. नावही नाही.

अखेरच्या तासांची हकिकत बाहेर आली ती एका ब्रिटिश अधिकाऱ्यामुळे. इंजिनिअर कॅप्टन जॉन माँट्रेसॉर याने फाशीची तयारी होईपर्यंत कैद्याला आपल्या तंबूत बसू दिले होते. त्याच संध्याकाळी तो कैद्यांच्या अदलाबदलीच्या वाटाघाटीसाठी पांढरे निशाण घेऊन अमेरिकी छावणीत आला आणि तिथे हलला त्याच्याकडून सगळे कळले. हलच्या सांगण्याप्रमाणे हेलने बायबल मागितले, धर्मगुरू मागितला, दोन्ही नाकारले गेले. तुरुंगाचा अधिकारी विल्यम कनिंगहॅम याने त्याची पत्रेही फाडून टाकली. हल लिहितो, एक पत्र आईला होते. आई वारून नऊ वर्षे झाली होती. सावत्र आईला लिहिले असेल, किंवा हलची आठवण घसरली असेल. जुन्या साक्षी वाचताना अशा जागी थांबावे लागते.

हेलच्या तोंडचे सर्वांत प्रसिद्ध वाक्यही याच साखळीतून आले आहे: देशासाठी देता येण्यासारखा एकच जीव आपल्याजवळ आहे याची त्याला खंत वाटली. अमेरिकेतल्या शाळकरी पोरांना हे वाक्य पाठ असते. जोसेफ ॲडिसनच्या ‘केटो’ या १७१३ च्या नाटकात जवळजवळ हाच भाव आहे. ते नाटक तेव्हाच्या शिकलेल्या वसाहतवाल्यांच्या ओठांवर होते, आणि १७७८ मध्ये वॉशिंग्टनच्या फौजेच्या व्हॅली फोर्ज येथील छावणीत त्याचा प्रयोगही झाला. नाटकवेड्या लिनोनिया मंडळातल्या तरुणाला मरताना ते आठवले असेल, यात अशक्य काही नाही. पण युद्धकाळातल्या एका वर्तमानपत्रात हेलचे जे अखेरचे बोल छापले गेले त्यांत मजकूर वेगळा आहे: दहा हजार जीव असते तरी घायाळ देशासाठी ते सगळे ओवाळून टाकले असते, अशा आशयाचा. तिसरी साक्ष फ्रेडरिक मॅकेंझी या ब्रिटिश अधिकाऱ्याच्या रोजनिशीत आहे आणि ती त्याच दिवसाच्या नोंदीत आहे. हेल अतिशय शांत आणि निश्चयी होता. सेनापतीचा हुकूम पाळणे हे प्रत्येक चांगल्या अधिकाऱ्याचे कर्तव्य आहे असे तो म्हणाला. आणि मृत्यू कुठल्याही रूपात येवो, त्याला तोंड द्यायला सदैव तयार राहा, असे त्याने बघ्यांना सांगितले. ही रोजनिशी १९३० मध्ये प्रसिद्ध झाली. तोवर पहिले वाक्य पुतळ्यांच्या चौथऱ्यांवर चढून बसले होते. तिघांत विश्वासार्ह साक्ष मॅकेंझीची. तो शत्रू होता, हेलला मोठे करण्यात त्याचा काही लाभ नव्हता, आणि त्याने लिहिले ते ताजे असताना.

घरच्यांना बातमी उडत उडत कळली. इनॉकच्या कानी ती सप्टेंबरच्या अखेरीस आली आणि खातरजमा करायला तो फौजेच्या छावणीपर्यंत गेला. हाती आले ते थोडे सामान. प्रेत कुठे पुरले ते कोणालाच कळले नाही.

चार वर्षांनी नियतीने, किंवा युद्धाने म्हणू, पारडे उलटे केले. सप्टेंबर १७८० मध्ये ब्रिटिश फौजेचा मेजर जॉन आंद्रे साध्या वेषात पकडला गेला. वेस्ट पॉइंटचा किल्ला ब्रिटिशांना विकायला निघालेल्या फितूर बेनेडिक्ट अर्नोल्डने दिलेले कागद त्याच्या बुटांत सापडले. आंद्रेला ज्याच्या पहाऱ्यात ठेवले तो टॉलमॅज. माझे काय होईल, असे आंद्रेने वाटेत विचारले. माझा हेल नावाचा लाडका वर्गमित्र होता, तो तुमच्या लोकांच्या हाती सापडला, पुढे काय झाले आठवते ना, असे टॉलमॅज म्हणाला. हो, त्याला फाशी झाली, पण त्याचे आणि माझे प्रकरण सारखे थोडेच आहे, असे आंद्रे उत्तरला. अगदी सारखे, आणि गतही तीच होईल, असे टॉलमॅजने सांगितले. हा प्रसंग टॉलमॅजने म्हातारपणी एका इतिहासकाराला पत्राने कळवला. आंद्रेने निदान गोळी घालून मारा अशी विनंती केली. वॉशिंग्टनने ती मानली नाही. २ ऑक्टोबरला टॅपन येथे त्याला फाशी झाली, आणि पहाऱ्यावरचे अमेरिकी अधिकारी त्याच्या वागण्याने इतके भारावले होते की त्यांना गहिवर आवरेना. इंग्लंडने दोन वर्षांत वेस्टमिन्स्टर ॲबीमध्ये त्याचे स्मारक उभारले आणि १८२१ मध्ये त्याच्या अस्थीही तिथे नेल्या. एकाचा हेर तो दुसऱ्याचा हुतात्मा, हा न्याय समुद्राच्या दोन्ही काठांना सारखाच लागू पडला. मात्र इंग्लंडने आपल्या माणसासाठी जेवढे झटपट केले तेवढे अमेरिकेला हेलसाठी करता आले नाही. नव्या देशाला आंद्रेचे कौतुक आणि हेलचा विसर, ही बोच हेलच्या चाहत्यांच्या लिखाणात पुढे अनेक वर्षे दिसते.

दरम्यान हेलच्या फाशीतून फौजेने धडा घेतला. १७७८ पासून वॉशिंग्टनने न्यूयॉर्कच्या बातम्यांसाठी जे जाळे विणले त्याचा सूत्रधार टॉलमॅज होता. लाँग आयलंडवरच्या सेटॉकेट या आपल्या जन्मगावातली ओळखीची माणसे त्याने यात गुंफली. शेतकरी एब्रहॅम वुडहल, खानावळवाला ऑस्टिन रो, खाडी ओलांडून निरोप नेणारा दर्यावर्दी केलेब ब्रूस्टर, आणि न्यूयॉर्क शहरातला व्यापारी रॉबर्ट टाउनसेंड. वुडहल आणि टाउनसेंड यांना ‘कल्पर’ हे टोपणनाव होते. म्हणून हे कल्पर मंडळ. हेलजवळ जे जे नव्हते ते सर्व यांच्याजवळ होते. सगळे स्थानिक रहिवासी, त्यामुळे परक्या मुलखात उपटसुंभासारखे फिरण्याचा प्रश्न नाही. प्रत्येकाचा खराच धंदा. अदृश्य शाई. माणसे, गावे आणि क्रियापदे यांसाठी आकडे दिलेला सांकेतिक कोश, ज्यात वॉशिंग्टनचा आकडा ७११ आणि न्यूयॉर्कचा ७२७. टाउनसेंडचे खरे नाव वॉशिंग्टनलाही सांगितलेले नव्हते. १७८० च्या उन्हाळ्यात न्यूपोर्टला उतरलेल्या फ्रेंच फौजेवर ब्रिटिश चालून जाणार असल्याची खबर याच वाटेने आली. युद्ध संपेपर्यंत या मंडळातला एकही मुख्य माणूस पकडला गेला नाही.

आणि म्हणूनच त्यांना कोणी ओळखले नाही. टाउनसेंड १८३८ मध्ये अविवाहित, याविषयी अवाक्षर न काढता मेला. तोच दुसरा कल्पर होता हे १९३० मध्ये मॉर्टन पेनीपॅकर या लाँग आयलंडच्या इतिहासकाराने हस्ताक्षर जुळवून सिद्ध केले. दीडशे वर्षे त्याचे गुपित टिकले, म्हणजे त्याचे काम उत्तम झाले. यॉर्कटाउनच्या निर्णायक वेढ्याआधी कॉर्नवॉलिसच्या छावणीत वावरून बातम्या आणणारा जेम्स हा गुलामही असाच. १७८७ मध्ये व्हर्जिनियाच्या विधिमंडळाने त्याला गुलामीतून मुक्त केले आणि अमेरिकी फौजेतला फ्रेंच सेनानी लाफायेत याच्या सन्मानार्थ त्याने ते आडनाव घेतले. पण पाठ्यपुस्तकात त्याला जागा मिळायला फार काळ जावा लागला. यशस्वी हेराच्या कामगिरीला साक्षीदार नसतात. फासावर गेलेल्याला गर्दी मिळते, तारीख मिळते आणि शेवटचे शब्द मिळतात. कीर्तीला लागणारे साहित्य हेलच्या बाबतीत शत्रूनेच पुरवले.

ते साहित्य घेऊन कामाला लागणारी माणसेही त्याला भेटली. येलमधला एकेकाळचा शिक्षक टिमोथी ड्वाइट याने १७८५ च्या आपल्या महाकाव्यात हेलला स्थान दिले. हॅना ॲडम्स या इतिहासकार बाईंनी १७९९ मध्ये न्यू इंग्लंडचा इतिहास छापला. त्यात हलने पुरवलेली हेलची हकिकत होती. पुढच्या पुस्तकांनी तिथूनच उचलली. हलचे पुढचे आयुष्यही विलक्षण आहे. १८१२ च्या युद्धात त्याने डेट्रॉइटचा किल्ला न लढता ब्रिटिशांच्या स्वाधीन केला, लष्करी न्यायालयाने भ्याडपणासाठी त्याला मृत्युदंड सुनावला आणि राष्ट्राध्यक्ष मॅडिसनने तो माफ केला. अमेरिकेच्या सर्वांत गाजलेल्या निर्भय मरणाचा मुख्य साक्षीदार हा असा. १८२७ मध्ये मिसूरीत स्थायिक झालेल्या म्हाताऱ्या हेम्पस्टेडने आपली आठवण वर्तमानपत्रात छापली आणि बक्कले, टोपी, पदवीपत्र हे तपशील लोकांना मिळाले.

कोव्हेंट्रीकरांनी १८३७ मध्ये स्मारक मंडळ स्थापले आणि १८४६ मध्ये गावच्या स्मशानभूमीत ४५ फूट उंचीचा ग्रॅनाइटचा स्तंभ उभा केला. खाली अस्थी नाहीत. हेल घराण्यानेही आठवण जपली. इनॉकचा नातू एडवर्ड एव्हरेट हेल याने १८६३ मध्ये, यादवी युद्धाच्या ऐन भरात, देश नाकारणाऱ्या माणसाची ‘द मॅन विदाउट अ कंट्री’ ही कथा लिहिली. ती अमेरिकेत घरोघर वाचली गेली.

पुतळ्यांचे युग यादवी युद्धानंतरचे. न्यूयॉर्कच्या सिटी हॉल पार्कमधला फ्रेडरिक मॅकमॉनीजने घडवलेला पुतळा २५ नोव्हेंबर १८९३ रोजी उघडला. ब्रिटिशांनी शहर सोडल्याचा तो स्मृतिदिन. हात बांधलेला, मान ताठ असलेला देखणा तरुण. येलमध्ये हेल ज्या कनेक्टिकट हॉलमध्ये राहिला त्याच्यासमोर बेला प्रॅटचा पुतळा १९१४ मध्ये उभा राहिला. तोही बांधलेल्या हातांचाच. हेल दिसायला कसा होता याचे समकालीन चित्र मात्र एकही नाही. दोन्ही चेहरे शिल्पकारांच्या मनातले. त्याच वर्षी जॉर्ज डडली सेमूर या न्यू हेवनच्या वकिलाने कोव्हेंट्रीचे हेल घराणे राहिलेले घर विकत घेतले, दुरुस्त केले आणि हेलविषयीचा कागदन् कागद गोळा करून १९४१ मध्ये जाडजूड संग्रह छापला. हे घर १७७६ मध्येच बांधले गेले होते. नेथन त्यात कधी राहिला नाही. ईस्ट हॅडम आणि न्यू लंडनच्या शाळांच्या इमारती जपून ठेवल्या आहेत. १९२५ मध्ये अर्ध्या सेंटच्या टपाल तिकिटावर प्रॅटचा पुतळा आला. त्याचीच प्रतिकृती १९७३ मध्ये सीआयएच्या आवारात बसवली गेली. परदेशी कामगिरीवर निघणारे कर्मचारी शुभशकुन म्हणून तिच्या पायाशी वॉशिंग्टनचा मुखवटा असलेले पंचवीस सेंटचे नाणे ठेवतात, असे सांगतात. पकडल्या गेलेल्या हेराकडून शुभशकुन मागावा, ही गोष्ट त्या धंद्यातल्या लोकांनाच उमगत असावी.

हेल पकडला कसा गेला, याचे उत्तर सर्वांत शेवटी मिळाले. सॅम्युएल हेल या राजनिष्ठ चुलतभावाने त्याला ओळखून पकडून दिले, असे १७७७ च्या एका वर्तमानपत्राने छापले होते. सॅम्युएलने ते नाकारले, पण डाग राहिला. २००० साली अमेरिकेच्या काँग्रेस ग्रंथालयाला कन्सिडर टिफनी या कनेक्टिकटच्या राजनिष्ठ दुकानदाराने युद्धकाळात लिहिलेले हस्तलिखित भेट मिळाले, आणि २००३ मध्ये त्यातला हेलचा भाग अभ्यासकांनी प्रसिद्ध केला. त्यात पकडणारा आहे रॉबर्ट रॉजर्स. फ्रेंचांविरुद्धच्या जुन्या युद्धात जंगलातल्या लढाईसाठी नावाजलेला हा गडी आता ब्रिटिशांसाठी रेंजर पलटण उभारत होता. लाँग आयलंडवर फिरणाऱ्या या मास्तराचा त्याला संशय आला. मीही बंडखोरांचाच, इथे अडकून पडलो आहे, असे भासवून त्याने हेलशी सलगी केली. हेलने विश्वास टाकला आणि आपण कशासाठी आलो तेही सांगून टाकले. रॉजर्सने त्याला आपल्या मुक्कामी जेवायला बोलावले, आपल्याच माणसांसमोर पुन्हा तेच बोलवून घेतले आणि घराला शिपायांचा वेढा घालून त्याला धरले. हेलने आधी नाव नाकारले. पण वाटेत ओळखणारे भेटले. टिफनी शत्रुपक्षाचा, त्यामुळे त्याच्या सांगण्यात उपहासाचा सूर आहे. तरी बहुतेक अभ्यासकांना ही हकिकत चुलतभावाच्या कहाणीपेक्षा अधिक पटते. तू फार मोकळ्या मनाचा आहेस, हे हलचे म्हणणे तिच्याशी तंतोतंत जुळते, आणि सव्वादोनशे वर्षे फितूर म्हणून बदनाम झालेला सॅम्युएल हेल त्या आरोपातून बराचसा सुटतो.